प्रबंधामागून प्रबंध

नाशिकाहून येवल्याकडे निघालें म्हणजे वाटेंत निफाड लागतें. परगांवच्या माणसास हें तालुक्याचें गांव द्राक्षांच्या बागांमुळें, किंवा त्याच तालुक्यांतील लासलगांवच्या कांद्याच्या बाजारामुळें ठाऊक असतें. आम्हां अध्यापनाचा व्यवसाय करणारांस त्याचा अभिमान वाटतो तो दुसऱ्याच कारणानें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं या गांवीं झाला. त्यांचें बालपण कोल्हापुरास गेलें, विद्या मुंबईस झाली आणि कर्तृत्व पुण्यास बहरलें. निफाडच्या वांट्यास केवळ जन्म आला. तथापि येथें एखादें मूल पुस्तकांत डोकें घालून बसलेलें दिसलें, कीं वडीलधाऱ्यांच्या तोंडीं रानड्यांचें नांव आल्यावांचून राहत नाहीं.

अशाच एका घरांतील मुलगी, आमची जुनी विद्यार्थिनी, गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे आली. बरोबर तिचे वडील होते. तिच्या हातांत एम्.ए.च्या पदवीसाठीं लिहिलेला शंभर-सव्वाशें पानांचा प्रबंध होता. विषय घरचाच होता. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यांतच, विसाव्या शतकाच्या आरंभीं नांदूरमधमेश्वरचा बंधारा बांधण्यांत आला; तो बंधारा व त्यांतून निघालेले गोदावरीचे कालवे यांच्या बांधणीची हकीकत तिनें लिहिली होती. परीक्षकांनीं प्रबंध वाखाणला होता. "सर, हाच विषय पुढें नेऊन पीएच्.डी. करूं कीं नवा विषय घेऊं?" असा तिचा प्रश्न. वडिलांचा प्रश्न अधिक रोकडा होता. "सर, पोरीनं एकदां लिहून झालंय. तेंच पुन्हा लिहायला आणखी पांच वर्षं कशाला?" त्यांच्या बागेचें मागल्या हंगामांत अवकाळी पावसानें नुकसान झालें होतें, धाकटा मुलगा अजून शिकत होता, आणि मुलीस एका कनिष्ठ महाविद्यालयांत नोकरी मिळण्याजोगी होती. तेव्हां हा प्रश्न नुसत्या विद्वत्तेचा नव्हता; एका कुटुंबाच्या पांच-सहा वर्षांचा होता.

आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. तें देण्याचा अधिकार आम्हांस कितपत पोंचतो याविषयीं मनांत एक शंका होती. ती पुढें यथाक्रम सांगूं. परंतु प्रश्न डोक्यांतून जाईना. तेव्हां महाराष्ट्रांतील अर्वाचीन विद्येच्या इतिहासांत याच वळणावर उभें राहिलेल्या माणसांनीं काय केलें, तें आम्ही पाहूं लागलों. जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, हा प्रश्नच मुळांत फार जुना नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेलें होतें. परीक्षा घेणें व पदव्या देणें हें त्याचें काम. रानडे १८६२ सालीं त्याच्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडींत बी.ए. झाले, पुढें एम्.ए. व एल्.एल्.बी. झाले, पण या साऱ्या वाटेंत प्रबंध म्हणून कोठें लागला नाहीं. हिंदी अर्थशास्त्रावरील त्यांचें प्रसिद्ध व्याख्यान १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत झालें. मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० सालीं निघाला. यांपैकीं कशासही मार्गदर्शक नव्हता, मुदत नव्हती, परीक्षक नव्हते, आणि पदवीही नव्हती. एका कामांतून दुसरें काम निघे, तें प्रश्नांतून प्रश्न निघे म्हणून.

संशोधनाकरितां डॉक्टर ही पदवी देण्याची चाल जर्मन विद्यापीठांतून अमेरिकेंत गेली. तेथें येल विद्यापीठानें ती १८६१ सालीं सुरू केली. इंग्लंडांत ऑक्सफर्डनें ती १९१७ सालीं, म्हणजे पहिलें महायुद्ध चालू असतां, स्वीकारली. आमचे तरुण परदेशीं जाऊं लागले तेव्हां त्यांना ही शिडी आयती भेटली: आधीं लहान प्रबंध, मग मोठा. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतून १९११ सालीं डॉक्टर होऊन आले, ते या वाटेवरील आमचे अगदीं आरंभीचे प्रवासी होत. शिडीच्या पहिल्या पायरीवर चढलेल्या माणसापुढें तीन मार्ग असतात. तेथेंच थांबावें, त्याच शिडीनें वर जावें, किंवा खालीं उतरून दुसरी शिडी लावावी. या तिहींचीं तीन उत्तम उदाहरणें आमच्याच महाराष्ट्रांत आहेत.

पहिलें उदाहरण धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचें. नागपुरास १९०१ सालीं जन्मलेले गाडगीळ केंब्रिजला गेले आणि तेथें एम्.लिट्. या पदवीसाठीं त्यांनीं अर्वाचीन काळांतील हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. तो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें १९२४ सालीं ग्रंथरूपानें काढला. त्या वेळीं लेखकाचें वय तेवीस वर्षांचें होतें. या विषयांत पुढील डॉक्टरी प्रबंधाला जागा नव्हती असें कोण म्हणेल? एकेका प्रकरणांतून एकेक प्रबंध निघाला असता; आणि इतरांचे निघालेही. पण गाडगिळांनीं त्याच विषयावर दुसऱ्या पदवीची इमारत चढविली नाहीं. त्यांनीं केलें तें इतकेंच, कीं पुस्तक जिवंत ठेविलें: नव्या आवृत्त्यांत तें सुधारिलें, कथानक पुढच्या वर्षांपर्यंत आणून भिडविलें. त्याची पांचवी आवृत्ति १९७१ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं ते वारले त्याच वर्षीं, निघाली. पदव्युत्तर पदवीचा एक प्रबंध जवळजवळ अर्धें शतक विद्यार्थ्यांच्या हातीं राहिला!

याचा अर्थ गाडगिळांचें संशोधन तेथें संपलें असा नव्हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनीं १९३० पासून वाहिली, आणि छापील कागदपत्रांवर लिहिणारा हा मनुष्य शेतांत व घरोघर माहिती गोळा करविणारा झाला. त्यांतील एक काम आमच्या तालुक्याशीं निगडित आहे. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांपासून प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ कोणते झाले याची पाहणी त्यांनीं करविली व तिचा अहवाल १९४८ सालीं प्रसिद्ध केला. गोदावरीचे कालवे म्हणजे नांदूरमधमेश्वराहून निघालेलेच. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधांत या अहवालाचा दोन ओळींत उल्लेख होता. तो तिनें पुरता वाचला नव्हता हें आम्हांस पुढें कळलें. गाडगिळांच्या उदाहरणावरून दिसतें तें असें: पहिल्या प्रबंधानें आपला प्रश्न पुरता सोडविला असेल, तर त्यास पदवीच्या गाड्याला पुन्हा जुंपण्यांत अर्थ नाहीं. त्याचें पुस्तक करावें, आणि स्वतः नव्या कामास लागावें.

दुसरें उदाहरण डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें. हें अधिक गुंतागुंतीचें व म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. एम्.ए.च्या पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व अर्थव्यवहार या विषयावरील प्रबंधावर १५ मे १९१५ ही तारीख आहे. महाराष्ट्र शासनानें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वाङ्मयाच्या सहाव्या खंडांत तो छापलेला आहे, आणि त्याच खंडांत त्यांचे दोन्ही डॉक्टरी ग्रंथही आहेत. ज्याला आमच्या विद्यार्थिनीसारखा प्रश्न पडला असेल त्यानें हा एकच खंड पुढें घेऊन बसावें. पहिला प्रबंध अगदीं छोटा, कांहीं चाळीस-पन्नास पानांचा हिशेब. नंतरचे ग्रंथ शेंकडों पानांचे. परंतु फरक पानांचा नाहीं.

पहिल्या प्रबंधाचा प्रश्न असा होता कीं, एका व्यापारी कंपनीनें देश चालविला तो कोणत्या यंत्रणेनें, आणि पैसा आणला कोठून व घातला कोठें? १८५८ सालीं कंपनीचें राज्य गेलें आणि प्रबंधही तेथें थांबला. पण देशाचा जमाखर्च थोडाच थांबला होता! १८३३ च्या कायद्यानें सर्व प्रांतांच्या पैशाच्या नाड्या मध्यवर्ती सरकारच्या हातीं आल्या होत्या. प्रांतानें खर्च करावा, पण पैसा उभारण्याची जबाबदारी त्याच्यावर नसावी. आणि ज्याच्याकडे तिजोरी, त्याला प्रांताची गरज दिसूं नये, अशी ती विलक्षण घडी होती. ती सैल करण्याचा पहिला मोठा प्रयत्न लॉर्ड मेयो यांच्या १८७० च्या ठरावानें झाला व १८७१-७२ पासून प्रांतांचे अर्थसंकल्प सुरू झाले. आधीं ठराविक नेमणुका, मग नेमून दिलेल्या उत्पन्नाच्या बाबी, मग वांटून घेतलेलें उत्पन्न, अशा पायऱ्यांनीं ही व्यवस्था १९२१ पर्यंत कशी आली, हा आंबेडकरांचा पुढचा विषय झाला. कंपनी आणि देश यांच्या हिशेबांतून उठलेला प्रश्न आतां मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्या हिशेबाकडे वळला होता. क्षेत्र तेंच, पण प्रश्न नवा. पहिल्या प्रबंधाचें उत्तर दुसऱ्याची प्रस्तावना झालें.

ही वाट सरळ मात्र नव्हती. १९१६ सालीं त्यांनीं हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयींचा प्रबंध कोलंबियांत सादर केला आणि ते लंडनास गेले. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. त्यांचीं पुस्तकें वेगळ्या जहाजानें निघालीं होतीं, तें जहाज जर्मन पाणबुडीनें बुडविलें. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसा सांठविला, कांहीं कर्ज काढलें, छत्रपति शाहूमहाराजांचें साह्य मिळालें, आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनास पोंचले. तेथें १९२१ सालीं एम्.एस्सी.साठीं त्यांनीं दिलेला प्रबंध साम्राज्याच्या अर्थव्यवहाराचें प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावरचा होता. आतां १९२५ सालीं लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकांनीं काढलेला त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीचा ग्रंथ पाहावा: त्याच्या उपशीर्षकांत तेच शब्द आहेत. प्रस्तावना कोलंबियांतील त्यांचे गुरु प्रोफेसर सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावमहाराजांस. कोलंबियाचा नियम असा होता कीं प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्यावांचून डॉक्टरची पदवी द्यावयाची नाहीं. त्यामुळें ती पदवी हातीं आली १९२७ सालीं. म्हणजे लंडनच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय अमेरिकेच्या डॉक्टरी ग्रंथांत जाऊन बसला.

मग लंडनच्या डॉक्टरीचें काय? तेथें तोच विषय फिरवून देणें अशक्य नव्हतें. पण आंबेडकरांनीं तेथें विषय बदलला. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ सालीं सादर झाला. केन्स यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत ज्या सुवर्ण-विनिमय-पद्धतीचें समर्थन केलें होतें, तिच्यावर यांत कडक टीका आहे. परीक्षकांनीं तो फेरलेखनासाठीं परत केला. जवळचा पैसा संपत आलेला, म्हणून मुंबईस येऊन तो पुन्हा लिहून पाठवावा लागला, आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळून ग्रंथही प्रसिद्ध झाला. प्रोफेसर कॅनन यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली, व तींत लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपणांस मान्य नाहींत असें मोकळेपणानें सांगितलें. शिष्याचें मत न पटतांही त्याच्या कामाची किंमत जाणणारा गुरु मिळणें हेंही भाग्यच. विषयाची निवड करतांना विद्यार्थी पुष्कळदां या गोष्टीचा विचार करीत नाहींत.

या हकीकतींत आणखी एक गोष्ट आहे, आणि आम्हांस तीच सर्वांत मोलाची वाटते. ९ मे १९१६ रोजीं कोलंबियांत, प्रोफेसर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासमंडळापुढें, आंबेडकरांनीं हिंदुस्थानांतील जातींच्या उत्पत्तीविषयीं एक निबंध वाचला. तो पुढल्या वर्षीं 'इंडियन अँटिक्वरी'मध्यें छापला गेला. हा निबंध एम्.ए.चा प्रबंध नव्हता, डॉक्टरीचाही झाला नाहीं. आणि तरी त्यांच्या जन्मभराचा प्रश्न तोच! नाशिकाहून निफाडवरून पुढें जाणारा हाच रस्ता धरला तर येवलें येतें. तेथें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा त्यांनीं केली. तिच्या मागें जो प्रश्न उभा होता त्याचें पहिलें शास्त्रीय रूप त्या निबंधांत आहे. त्यांनीं पदव्या मिळविल्या त्या पैशाच्या शास्त्रावर. जो प्रश्न आंतून जाळतो तो प्रत्येक वेळीं विद्यापीठाच्या मुदतींत व परीक्षकांच्या मापांत बसवावाच, असें नाहीं. कांहीं प्रश्न पदवीपेक्षां मोठे असतात, त्यांना मोकळे ठेवावें लागतें.

तिसरें उदाहरण इरावती कर्वे यांचें. त्यांनीं दुसरी शिडी लावली. मुंबई विद्यापीठांत प्रोफेसर घुर्ये यांच्या हाताखालीं त्यांनीं १९२८ सालीं एम्.ए. केलें तें चित्पावन ब्राह्मणांच्या अभ्यासावर. माहेर व सासर दोन्ही त्याच समाजांतलीं. विषय अक्षरशः घरचा. सामान्य सल्लागार म्हणाला असता, 'बाई, आतां चित्पावनांवरून कऱ्हाड्यांवर जा, मग देशस्थांवर, झाली तुझी डॉक्टरी!' त्या मात्र बर्लिनला गेल्या, आणि तेथील मानववंशशास्त्र-संस्थेंत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं विषय घेतला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत स्वभावतः असणाऱ्या असमतेचा. घरच्या माणसांचा विषय सोडून परदेशांतील संग्रहालयांतल्या निनांवी कवट्या मोजीत बसणें हें बाहेरून पाहणारास विचित्र वाटेल. फिशर हे वंशभेदाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते; या असमतेंत वंशावंशांतला भेद दिसावा अशी त्यांची अपेक्षा होती. मोजमापांत तसा संबंध आढळला नाहीं, आणि या तरुण विद्यार्थिनीनें आपल्या प्रबंधांत आढळलें तेंच लिहिलें. पुढें जर्मनींत त्या सिद्धांताच्या नांवावर काय घडलें हें जगास ठाऊक आहे. तेव्हां त्या लहानशा प्रामाणिकपणाची किंमत आज अधिकच कळते.

पण पहिला विषय खरोखर सुटला होता काय? इरावतीबाईंनीं पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत राहून नातेसंबंधांचा अभ्यास केला, त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं निघाला. आणि १९६८ सालीं, म्हणजे एम्.ए.नंतर बरोबर चाळीस वर्षांनीं, कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या, पण आपसांतच लग्नें करणाऱ्या महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना हा त्याचा विषय. येथें मुंबईचा प्रश्न व बर्लिनची मापनविद्या एकत्र आलीं. मधल्या काळांत बर्लिनला जाऊन दुसरें कौशल्य संपादिलें नसतें, तर हा निबंध लिहितां आला नसता. कांहीं प्रश्न योग्य असतात, पण ते सोडविण्याचें हत्यार आपल्याजवळ नसतें. अशा वेळीं प्रश्न बाजूस ठेवून हत्यार घडविण्यास जाणें, ही पळवाट नव्हे.

आतां आमच्या अधिकाराविषयींची ती शंका. आम्ही स्वतः डॉक्टर आहों, आणि ही पदवी आम्हीं मिळविली ती एम्.ए.च्या प्रबंधांत पाणी घालून. एका तालुक्याऐवजीं तीन तालुके घेतले; वीस वर्षांच्या जागीं पन्नास वर्षें घेतलीं; कोष्टकें वाढलीं, पानें चौपट झालीं. प्रश्न मात्र तोच राहिला, आणि उत्तरही तेंच. पदवी मिळाली, पगारांत वाढ झाली, दारावरच्या पाटीवर नांवामागें दोन अक्षरें चढलीं. परंतु त्यानंतर वीस वर्षांत तो प्रबंध कोणीं मागितला नाहीं, आणि आम्हींही उघडला नाहीं. दोष मार्गदर्शकांचा नव्हता, विद्यापीठाचा नव्हता. आम्हीं आमच्या पहिल्या प्रबंधाला 'तुझ्यांत काय राहून गेलें?' असें विचारलेंच नाहीं. 'तुझ्यांतून आणखी काय काढतां येईल?' एवढेंच विचारलें. या दोन प्रश्नांत जो भेद आहे तोच या सगळ्या लेखाचा विषय होय.

तिघांच्या वाटा भिन्न असल्या तरी तिघांनीं पहिल्या प्रबंधाकडे पाहिलें तें एकाच नजरेनें. गाडगिळांच्या प्रबंधाचें काम पुरतें झालें होतें. ते पुढें गेले. आंबेडकरांच्या प्रबंधांत कालखंड संपला पण हिशेब उरला. त्यांनीं तो हिशेब धरला. इरावतीबाईंचा प्रश्न उरला, पण तो पेलण्याची विद्या उणी होती. त्या ती आणावयास गेल्या. निर्णय करावयाचा तो उरलेल्या गोष्टीवरून. कागदपत्रें आयतीं जवळ आहेत, विषय अंगवळणीं पडला आहे, परीक्षक खूष आहेत, हीं कारणें सोयीचीं आहेत. तीं पुरेशीं नाहींत. सोय वर्षभर पुरते, आणि डॉक्टरीला नियमानें निदान तीन वर्षें व सामान्यतः सहा वर्षांपर्यंत लागतात. पूर्वीं एम्.ए. व पीएच्.डी. यांच्यामध्यें एम्.फिल्.चा मुक्काम होता. तेथें दोन घटका बसून आपला प्रश्न तपासून घेतां येई. २०२२ च्या नियमांनीं तो मुक्काम उठला. आतां ही तपासणी विद्यार्थ्यानें दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं स्वतःच करावयाची आहे. आणि ज्या घरांत एका हंगामाच्या पावसावर वर्षाचा संसार अवलंबून असतो, त्या घरच्या मुलीनें तर ती अधिकच काटेकोरपणें केली पाहिजे. कारण चुकीची किंमत तिची एकटीची नसते.

आमच्या मतें तपासणी सोपी आहे. पहिला प्रबंध कपाटांत बंद करावा. मग जो प्रश्न उरला असें वाटतें तो एका वाक्यांत, पहिल्या प्रबंधाच्या शीर्षकांतला एकही शब्द न वापरतां, कोऱ्या कागदावर लिहावा. लिहितां आला नाहीं तर उरलें आहे तें केवळ साहित्य, प्रश्न नव्हे. लिहितां आला, तर दुसरें विचारावें: याचें उत्तर देणारे कागद, माणसें अथवा वस्तु कोठें आहेत, आणि त्या वाचण्याची विद्या मजपाशीं आहे काय? तिसरें, हें उत्तर माझ्या मार्गदर्शकांच्या मताविरुद्ध निघालें तर तें ऐकून घेण्याची त्यांची तयारी आहे काय? आणि शेवटचें, पदवी मिळणार नाहीं असें उद्यां कळलें, तरी हें मला जाणून घ्यावेंसें वाटेल काय?

हें सर्व आम्हीं विद्यार्थिनीस पत्रानें कळविलें, आणि सोबत गाडगिळांचा १९४८ चा अहवाल आधीं समग्र वाच, असेंही लिहिलें. दिवाळीनंतर ती पुन्हा आली. वडील बरोबर होतेच. तिनें अहवाल वाचला होता. कालव्यांपासून कोणास काय लाभ झाला याचा हिशेब त्यांत होता. ती म्हणाली, "सर, लाभाचा हिशेब गाडगीळ सरांनीं मांडला आहे, तो मीं पुन्हा मांडण्यांत अर्थ नाहीं." मग तिनें घडी घातलेला एक कागद पुढें केला. त्यावर एकच वाक्य होतें: 'ज्यांच्या शिवारांत पाणी अडलें, त्यांच्या पदरांत काय पडलें?'

आम्हीं तें वाक्य मोठ्यानें वाचलें. नांदूरमधमेश्वरच्या वरच्या अंगास वर्षानुवर्षें गाळ सांचून पाणथळ झाली. आज तेथें दूरदेशींचे पक्षी उतरतात, व २०२० सालीं ती जागा महाराष्ट्रांतील पहिलें रामसर-क्षेत्र म्हणून जगाच्या नकाशावर गेली. पाणी मात्र कालव्यांनीं बहुतांशीं खालीं नगर जिल्ह्याकडे गेलें. बंधाऱ्याची हकीकत तिनें लिहिली होती. बंधाऱ्याच्या वरच्या गांवांची लिहिली नव्हती. वाक्य ऐकून वडील जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हें तर आमचे आजोबा विचारायचे."

शेवटीं ठरलें तें असें. तिनें नोकरी धरावी. पहिलें वर्ष सुट्ट्यांचे दिवस दप्तरें व म्हातारीं माणसें शोधण्यांत घालवावें. आणि वर्षअखेर प्रश्न तसाच जागा राहिला तर नांव नोंदवावें. राहिला नाहीं, तर आहे त्या प्रबंधाचें एक लहानसें, गांवकऱ्यांना वाचतां येईल असें मराठी पुस्तक करावें. यांतील कोणताही शेवट अपयशाचा नाहीं, हें आम्हीं वडिलांस मुद्दाम सांगितलें, आणि त्यांना तें पटलेंसें दिसलें.

१८ जानेवारी १९४३ रोजीं, पुण्याच्या डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून, गोखले स्मारक मंदिरांत डॉ. आंबेडकरांनीं रानड्यांच्या १०१ व्या जयंतीचें भाषण केलें. त्या दिवशीं व्यासपीठावर उभा असलेला मनुष्य दोन विद्यापीठांचा डॉक्टर होता. ज्याच्याविषयीं तो बोलत होता, त्यानें जन्मांत एकही प्रबंध पदवीसाठीं लिहिला नव्हता. पण दोघांनाही आपापला प्रश्न ठाऊक होता. निफाडच्या त्या मुलीस आतां तिचा ठाऊक झाला आहे. पदवीचें काय तें पुढच्या वर्षीं पाहूं.